टाकीचा पेला

करंगळी बुडवायची, जिभेला लावायची, डोळे मिटायचे आणि मग निकाल द्यायचा. "कवळं हाय," नाहीतर "पिकलंय." आमच्या मजल्यावरचे मुकादम आमटी अशी चाखायचे, चहा असा चाखायचे, आणि एकदा माझ्या हातातलं खोकल्याचं औषधसुद्धा त्यांनी बूच उघडून असंच चाखलं होतं. मी त्यांच्या हातावर फटका मारला. मी पेणच्या दवाखान्यात नर्स होते. हातावर फटके मारायची मला सवयच होती.

तुमच्याही शेजारात असा एखादा असेल बघा, धंदा सुटला तरी धंद्याची खोड न सुटलेला. मुकादमांचा धंदा मिठाचा. पेणच्या खाली खाडीच्या अंगाला मिठागरं होती, त्यांतल्या एकावर ते आणि त्यांची बायको, दोघांनी जन्म काढला. भरतीचं खारं पाणी आत घ्यायचं, उन्हानं ते आटू द्यायचं, आटलं की पुन्हा खारं पाणी सोडायचं. आटलं की भर, पुन्हा आटलं की पुन्हा भर. असं करता करता पाणी घट्ट होतं आणि तळाशी मीठ धरतं. भात पिकतं तसं मीठही पिकतं, असंच तिकडे म्हणतात. मुकादमांची करंगळी त्या पिकण्याची पारख करायची. पाणी खारट होत चाललं की या माणसाचा चेहरा फुलायचा. हे लक्षात ठेवा, कारण पुढचं सगळं त्यावरच उभं आहे.

मिठागर बंद झालं, बांध फुटून आत झाडोरा वाढला आणि मुकादम नवरा-बायको पेणला आमच्या इमारतीत मुलाकडे राहायला आले. मुलगा डोलवीला कंपनीत कंत्राटावर होता. शिफ्ट संपवून आला की झोपायचा आणि उठला की जायचा. लेक रोह्याला दिलेली. काकींना, म्हणजे मुकादमांच्या बायकोला, बंद दारांच्या इमारतीत करमायचं नाही. त्या जिन्यात बसून मोठ्यानं बोलायच्या. खारेपाटातल्या, म्हणजे खाडीकाठच्या खाऱ्या जमिनीच्या गावांतल्या, बाईचा आवाज तो, या बांधावरून त्या बांधावर पोचणारा. मी दुपारची जरा आडवी झाले की जिन्यातून सुरू व्हायच्या. किती वेळा मी दार उघडून म्हटलं असेल, काकी, जरा हळू. त्या हसायच्या आणि आणखी मोठ्यानं बोलायच्या.

मग एके दिवशी तो आवाज बंद झाला. अर्धांगवायूनं उजवी बाजू गेली आणि वाचाही गेली. दवाखान्यातून घरी आणल्यावर काकींनी जे भिंतीकडे तोंड फिरवलं ते फिरवलंच. मुकादम समोर बसायचे, गावच्या गोष्टी सांगायचे, ती बाई वळून बघायची नाही. रोज संध्याकाळी मी रक्तदाब बघायला जायचे आणि त्यांची पाठ बघून परत यायचे. मला तर वाईट वाटायचंच, पण मुकादमांकडे बघवायचं नाही. "एकदा इकडं बघ गो," एवढंच म्हणायचे, दिवसातून किती वेळा म्हणायचे कोण जाणे.

टाकी आली ती अशी अचानकच. मुलाच्या कंपनीतले कुणी साहेब बदली होऊन लांब निघाले होते. त्यांच्याकडे खाऱ्या पाण्याची, माशांची मोठी काचेची टाकी होती. ती हलवणं शक्य नव्हतं, म्हणून त्यांनी ती मुलाच्या गळ्यात मारली. टेम्पोतून टाकी आली, पाण्याचे ड्रम आले, एका बादलीत मासे आले. दोन नारिंगी, अंगावर पांढरे पट्टे असलेले, आणि एक निळा. सोबत मिठाच्या पिशव्या आणि साहेबांच्या सूचना. दर आठवड्याला बादलीभर पाणी काढायचं आणि तेवढंच नवीन खारं पाणी घालायचं. आणि मधल्या काळात पाणी कमी झालं की भरायचं. बस्स. कुठलं पाणी भरायचं ते साहेब बोलले नाहीत. त्यांना ते सांगण्यासारखं वाटलं नसणार.

मिठाच्या पिशव्या बघून मुकादम इतके हसले की मुलगा चिडला. "मीठ इकत? माझ्या घरात?" समुद्राच्या पाण्यात मिठाखेरीज आणखीही पुष्कळ असतं आणि ते सगळं या पिशवीत घातलेलं असतं, हे मुलानं समजावलं तेव्हा पिशवीला हात लागला. पाण्याचा खारेपणा मोजायचा एक काचेचा काटाही आला होता. तो पाण्यात तरंगायचा आणि किती वर राहतो त्यावरून खारेपणा कळायचा. मुकादमांनी तो देवांच्या फोटोमागे ठेवून दिला. ही करंगळी असताना काटा कशाला, असं त्यांचं म्हणणं.

टाकी काकींच्या खोलीत ठेवली, कारण दुसरी जागाच नव्हती. आणि तिसऱ्या की चौथ्या दिवशी मी रक्तदाब बघायला गेले तर काकी भिंतीकडे तोंड करून नव्हत्या. त्या माशांकडे बघत होत्या. मासा डावीकडे गेला की डोळे डावीकडे, उजवीकडे गेला की उजवीकडे. मुकादम दाराशी उभे राहून तोंडावर हात ठेवून बघत होते. मला गप्प बसायची खूण केली त्यांनी. नर्सला गप्प बसवणारा तो पहिला नातेवाईक.

त्या दिवसापासून या माणसाचं एकच काम. मासे जगले पाहिजेत. मासे जगले तर ती इकडे बघणार, एवढा सरळ हिशोब होता त्यांचा. आदल्या दिवशी निळ्या ड्रममध्ये पाणी कालवून ठेवायचे, पिशवीतलं मीठ मुठीमुठीनं सोडत लाकडी पळीनं ढवळायचे. आठवड्याच्या पाण्याच्या दिवशी तर घरात सण असायचा. टाकीतून रबरी नळीनं बादलीत पाणी काढताना ते काकींना ओरडून सांगायचे, "उघाडी सोडली गो!" उघाडी म्हणजे मिठागराच्या बांधाचं दार, ज्यातून पाणी आत-बाहेर करतात. काकींच्या तोंडाची डावी बाजू जरा वर उचलायची. ते हसणं होतं. मी ओळखते.

आणि रोज सकाळी टाकीतलं पाणी बोटभर खाली गेलेलं दिसलं की मुकादम ड्रममधलं खारं पाणी तांब्यानं आत ओतायचे. आटलं की भर. करंगळी बुडवायची, चाखायची, आणि समाधानानं मान हलवायची. उन्हाळा होता, वर पंखा गरगरत होता, पाणी भराभर आटत होतं आणि मुकादम भराभर भरत होते. टाकीच्या काठावर पांढरी रेघ धरू लागली. ती त्यांना आपल्या गावची कुणी ओळखीची भेटावी तशी आवडायची. पुसायला गेलं की म्हणायचे, राहू द्या, छान दिसते.

निळा मासा मेला. सकाळी तो तळाशी आडवा पडलेला दिसला. मुकादमांनी काकी जाग्या व्हायच्या आधी त्याला काढलं आणि कागदात गुंडाळून खाली नेलं. मला जिन्यात गाठून म्हणाले, सिस्टर, तिला सांगू नका. जणू तिला मासे मोजता येत नव्हते. पुढे नारिंगी मासेही एका कोपऱ्यात चिकटून राहू लागले. कल्ले भराभर हलायचे, खाणं तोंडापुढून तरंगत जायचं. मुकादमांनी जे सुचेल ते केलं. दिवा बंद ठेवला, पंप धुतला, खाणं बदललं. देवाला नारळ बोलले. पाणी भरायचं काही सोडलं नाही.

आणि मग एका संध्याकाळी माझ्या दाराची कडी वाजली. मुकादम उभे होते, चेहरा उतरलेला. म्हणाले, "सिस्टर, तिनं पानी सोडलं."

आपल्याकडे या बोलण्याचा अर्थ काय तो तुम्हाला सांगायला नको. माणूस अन्नपाणी सोडतं म्हणजे त्यानं जायचं ठरवलेलं असतं. मी चप्पल न घालता गेले. काकी उशीला टेकून बसल्या होत्या. मी माठातलं पाणी पेल्यात घेऊन त्यांच्या डाव्या हातात दिलं. तो हात चालायचा. त्यांनी पेला धरला, पण तोंडाकडे नेला नाही. टाकीच्या दिशेनं तो लांबवला. पेला कलला आणि सगळं पाणी चादरीवर सांडलं.

"बगा," मुकादम म्हणाले. "सकाळपासनं असंच. मला नको, माशांना द्या म्हणते. ते जगू द्या, मी जाते म्हणते." आणि हा एवढा धिप्पाड माणूस दारातच खाली बसला.

मी माझ्या रीतीनं वागले. आरडाओरडा केला, काकींना दम दिला, आत्ताच्या आत्ता दवाखान्यात नेऊ आणि सलाईन लावू म्हणाले. सलाईन म्हणजे मिठाचं पाणीच, हे तेव्हा काही माझ्या डोक्यात आलं नाही. काकी माझ्याकडे लक्ष देत नव्हत्या. त्यांनी रिकामा पेला पुन्हा टाकीकडे केला आणि घशातून आवाज काढला. आवाज कसला, तो बांधावरून हाक मारायचा सूर होता, फक्त शब्द नव्हते. शेवटी मीच वैतागून म्हटलं, घाला हो मुकादम, तिच्या समाधानासाठी एक पेला घाला पाणी त्या टाकीत, म्हणजे तोंड तरी उघडेल.

मुकादम उठले खरे, पण माठाशी जाऊन थबकले. आता हे कळायला खारेपाट कळावा लागतो. चहूकडे पाणी आणि प्यायला थेंब नाही, असली ती गावं. गोड्या पाण्यासाठी बायका बांधाबांधानं मैलोगणती जायच्या. काकी लग्न होऊन आल्या तेव्हापासून डोक्यावर हंडा घेऊन गेल्या आणि आल्या. त्या हंड्यातलं पाणी सांडलं तर मार मिळायचा. आणि मिठागरात तर गोडं पाणी म्हणजे वैरी. अवकाळी पाऊस एकदा पडला की पिकत आलेलं सगळं वाया. गोडं पाणी खाऱ्यात ओतायचं, ही गोष्ट मुकादमांच्या हाताला ठाऊकच नव्हती. घरचा धर्मही आड यायचा आणि धंद्याचा धर्मही.

"गोडं पानी खाऱ्यात?" ते मला म्हणाले. "सिस्टर, आमच्यात नाय कुनी असं करत."

काकींनी पुन्हा तो आवाज काढला. मग मुकादमांनी पेला भरला आणि अंगारा टाकावा तसं हळूच, भीत भीत पाणी टाकीत सोडलं. काकींनी लगेच तोंड उघडलं. मी पेला भरून ओठाला लावला, अख्खा पेला त्या प्यायल्या, तहानलेल्या माणसासारख्या घटाघट. मी पुन्हा पेला भरला तर तो त्यांनी पुन्हा टाकीकडे केला.

मुकादम त्यांच्याकडे बघत राहिले. मग टाकीकडे वळले. काठावरची पांढरी रेघ त्यांनी नखानं खरवडली. करंगळी बुडवली, जिभेला लावली, डोळे मिटले. बराच वेळ मिटलेलेच ठेवले. मग पलंगाजवळ येऊन काकींच्या पायाशी बसले.

"पिकलंय गो," ते म्हणाले. "मी मीठ पिकवत व्हतो."

काकींनी डावा हात त्यांच्या डोक्यावर ठेवला. ठेवला की टपली मारली, ते मला आजही सांगता येणार नाही. मी खिडकीशी जाऊन उभी राहिले. माझे डोळे भरले होते आणि नर्सनं नातेवाइकांसमोर रडायचं नसतं.

नंतर सगळं सोपं होतं. ऊन पाणी नेतं, मीठ कुठे जात नाही. म्हणून आटलेल्या जागी गोडंच पाणी घालायचं, आणि खारं घालायचं ते फक्त आठवड्याला जेवढं काढू तेवढं. जगातल्या कुणालाही हे ठाऊक नसलं तरी मुकादमांना ठाऊक होतं. त्यांचं सगळं आयुष्य याच एका गोष्टीवर चाललं होतं. फक्त आयुष्यभर मीठ वाढावं म्हणून राबलेल्या माणसाला आता ते वाढू नये म्हणून राखण करायची होती. फोटोमागचा काटा बाहेर आला. एकदम सगळं गोडं पाणी ओतलं तर मासे सोसणार नाहीत म्हणून मुकादम पेल्यापेल्यानं, थांबत थांबत पाणी घालायचे आणि काट्याकडे बघून मला हाक मारायचे. काटा कुठवर बुडाला ते त्यांना दिसायचं नाही आणि चष्मा ते लावायचे नाहीत. काही दिवसांनी दोन्ही नारिंगी मासे कोपरा सोडून फिरू लागले.

पण काकींनी शिस्त लावली ती लावलीच. आधी टाकीचा पेला, मग त्यांचा. टाकीला पाणी घातल्याशिवाय त्या तोंड उघडायच्या नाहीत. मुलानं एकदा घाईत फसवायला बघितलं, घातलं म्हणून सांगितलं, तर दात आवळून बसल्या. मुकादम कुरकुरायचे, आमच्या घरात मासे मालक आणि मी पाणक्या. पण रोज सकाळी माठापाशी उभं राहून ते दोन पेले भरायचे, तेव्हाचा त्यांचा चेहरा मी बघितला आहे. पिकलंय म्हणताना फुलायचा, त्याहून जास्त फुललेला असायचा.

काकी त्यानंतर बराच काळ होत्या. एका सकाळी मुकादमांनी टाकीचा पेला ओतला, काकींचा पेला घेऊन वळले, आणि काकींनी तोंड उघडलं नाही. ते थांबून राहिले. टाकीत आणखी थोडं ओतलं आणि पुन्हा आले. मग मला हाक मारली. मी नाडी बघितली आणि डोळे मिटवले. मुकादम पेला हातात धरूनच उभे होते. लोक जमेपर्यंत तो पेला त्यांनी खाली ठेवला नाही.

पुढे मुलाला दुसरीकडे काम मिळालं आणि मुकादम रोह्याला लेकीकडे गेले. टाकी सोबत घेऊन गेले. लेकीनं कपाळाला हात लावला, पण जावई भला माणूस, त्यानं पुढच्या खोलीत खिडकीजवळ जागा करून दिली. मी अधूनमधून रोह्याच्या गाडीनं जायचे. डॉक्टरांनी मुकादमांचं मीठ बंद केलं होतं. अळणी आमटीत करंगळी बुडवून ते म्हणायचे, "कवळं हाय, सिस्टर. मरेपर्यंत कवळंच." मी हसायचे. त्यांना हसवावं असं मला कधी सुचलं नाही, तेच मला हसवायचे. मग उठून टाकीचा पेला भरायचे आणि मग आपला.

शेवटचा फोन लेकीचा आला. ती रडत नव्हती, थकलेली होती. म्हणाली, सिस्टर, बाबांनी पाणी सोडलं, तुम्ही याल का.

मी गेले. मुकादम पलंगावर होते, तोंड खिडकीकडे. अंगात काही उरलं नव्हतं. तुळशीचं पान घातलेलं पाणी घेऊन लेक बाजूला बसली होती. चमचा ओठाला लावला की ओठ घट्ट मिटायचे आणि पाणी गालावरून उशीवर जायचं. जावई, शेजारी, सगळे भोवती उभे होते. कुणीतरी म्हणालं, त्यांची इच्छा नाही, राहू द्या.

मी टाकीकडे बघितलं. त्यांच्या आजारपणाच्या धावपळीत कुणाचं तिकडे लक्ष गेलं नव्हतं. पाणी खूप खाली गेलं होतं. काचेवर पांढरी रेघ धरली होती. एक नारिंगी मासा उरला होता, तो कोपऱ्यात होता.

मी स्वयंपाकघरात जाऊन माठातलं पाणी पेल्यात घेतलं आणि येऊन सगळ्यांच्या देखत ते टाकीत ओतलं. मग मी दुसरा पेला भरून आणला, पलंगाशी बसले आणि म्हटलं, "मुकादम, टाकीला घातलं."

त्यांनी तोंड उघडलं.

दोन चमचे घेतले. तिसरा बाहेर आला. मी हात धरून बसून राहिले, त्यांची करंगळी माझ्या मुठीत होती. मग मी लेकीला जवळ बोलावलं, त्यांचे डोळे मिटवले आणि पेल्यात उरलेलं पाणी उठून टाकीत घातलं.